विश्लेषण : गाडीचे नाक हलके करायचे? मग गॅरेजआधी वजनकाटा गाठा!

केळीने भरलेली ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर चढाला लागला की त्याची पुढची चाके हलकी पडतात, हे फैजपूर-सावदा-रावेर पट्ट्यात कोणाला शिकवावे लागत नाही. म्हणून तर ट्रॅक्टरच्या तोंडाशी लोखंडी वजने अडकवलेली असतात. कारचे दुखणे नेमके उलटे आहे. तिचे तोंड आधीच जड असते आणि वेगाने चालवायची म्हटली की तेच आडवे येते.

गेल्या काही वर्षांत दमदार इंजिनाच्या छोट्या गाड्या सेकंडहँड बाजारात आवाक्यात आल्या आहेत. पूर्वी चाकणला तयार होत असलेली पोलो जीटी टीएसआय, बलेनो आरएस, आय-ट्वेंटी एन लाइन ही त्यातली नेहमी ऐकू येणारी नावे. गाडी घरी आली की दोन विषय निघतात. पहिला ताकद वाढवण्याचा, दुसरा वजन कमी करण्याचा. ताकद वाढवायला लॅपटॉप, सॉफ्टवेअर आणि पैसा लागतो. वजन कमी करायला मात्र पान्याचा संच आणि एक रविवार पुरेल, असे वाटते. मोबाइलवर व्हिडीओ पाहून अंगणातच बंपर उतरवला जातो आणि ‘हे लोखंड इथे कशाला?’ म्हणत एखादा भाग कोपऱ्यात टाकला जातो.

तो भाग नेमका कोणता, यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

नाक जड म्हणजे नेमके काय?

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन पुढे, गिअरबॉक्स पुढे आणि जोरही पुढच्याच चाकांना दिलेला असतो. बॅटरी, रेडिएटर, एसीचा कॉम्प्रेसर हेसुद्धा तिथेच. त्यामुळे रिकाम्या गाडीचे साठ टक्के किंवा त्याहून थोडे अधिक वजन पुढच्या दोन चाकांवर पडते.

यात कंपनीची चूक नाही. जी चाके गाडी ओढतात त्यांच्यावर भार असलेला बरा, म्हणजे ओल्या रस्त्यावर ती जागच्या जागी फिरत नाहीत. शिवाय नाक जड असलेली गाडी सरळ रेषेत शांत चालते आणि नवख्या चालकाला सांभाळून घेते.

अडचण वळणावर येते. टायरवर भार वाढला की त्याची पकड वाढते, पण भाराच्या प्रमाणात वाढत नाही. भार दीडपट झाला तरी पकड दीडपट होत नाही, थोडी कमीच पडते. म्हणून वेगात वळण घेताना जड बाजूची चाके आधी हार मानतात. स्टिअरिंग फिरवलेले असते, पण गाडी सरळच जाऊ पाहते. याला अंडरस्टीअर म्हणतात. सातपुड्यातल्या घाटवळणावर गाडी बाहेरच्या कडेकडे ओढली जात असल्याचा अनुभव ज्यांनी घेतला, त्यांना हा शब्द माहीत नसला तरी अर्थ माहीत असतो.

जुन्या गाडीवानांकडे यासाठी सरळ शब्द होते. भार पुढे जास्त झाला तर बैलगाडी धुरजड, मागे जास्त झाला तर उलाळ. धुरजड गाडीत बैलांच्या मानेवर ओझे येई, तर उलाळ गाडीत जू वर उचलले जाई. गाडीवान ओझे कमी करत नसे, दोन पोती इकडची तिकडे करत असे. कारचा हिशेबही बराचसा असाच आहे.

किती किलो, यापेक्षा कुठले किलो?

एक उदाहरण घेऊ. गाडीचे वजन ११०० किलो. पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर अडीच मीटर. पुढे ६८२ किलो आणि मागे ४१८ किलो, म्हणजे ६२ टक्के भार पुढे. आकडे सोयीसाठी घेतले आहेत, पण दमदार हॅचबॅकच्या आसपासचेच आहेत.

आता या गाडीला आधीच्या मालकाने समोर २० किलोचा लोखंडी गार्ड बसवला आहे असे समजा. हा गार्ड पुढच्या चाकांच्याही पुढे, साधारण पाऊण मीटरवर लटकतो. त्यामुळे तो तरफेसारखे काम करतो. पुढच्या चाकांवर २० नव्हे, २६ किलो भार वाढतो आणि मागच्या चाकांवरचा ६ किलोने कमी होतो. चहाच्या टपरीवरच्या बाकाच्या टोकावर एक जण बसला की दुसरे टोक उचलते, तसेच.

हा गार्ड उतरवला तर एका झटक्यात पुढचे २६ किलो उतरतात आणि मागे ६ किलो परत येतात. एकही मूळ भाग काढलेला नसतो, उलट गाडी कंपनीने दिली तशी होते.

हेच २० किलो गाडीच्या मधोमध, चालकाच्या सीटजवळून कमी केले असते तर पुढे जेमतेम १० किलोचा फरक पडला असता. म्हणून नाक हलके करायचे असेल तर पहिली नजर पुढच्या चाकांच्याही पुढे काय लटकते आहे, यावर हवी.

मागची सीट काढली, तर गाडी चांगली वळेल का?

नाही, आणि सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

घरगुती प्रयोगात पहिल्यांदा निघतात त्या मागची सीट, स्टेपनी, जॅक आणि डिकीतला गालिचा. कारण ते काढायला सोपे. पण हे सगळे वजन मागच्या चाकांजवळचे आहे. वरच्या उदाहरणातल्या गार्ड नसलेल्या गाडीतून सीट आणि स्टेपनी मिळून ३४ किलो काढले, तर गाडी १०६६ किलोची होते. पुढे मात्र ६८२ किलो तसेच राहतात. पुढचा वाटा ६२ वरून ६४ टक्क्यांवर जातो. गाडी हलकी झाली, पण नाक आणखी जड झाले.

ब्रेक मारताना याचा त्रास वाढतो. जोरात ब्रेक लागला की भार पुढे सरकतो. या गाडीत कडक ब्रेकला सुमारे १९० किलो भार मागून पुढे जाईल. मूळ गाडीत मागच्या चाकांवर तेव्हा सव्वादोनशेच्या आसपास किलो उरतील, तर सीट-स्टेपनी काढलेल्या गाडीत दोनशेहून कमी. मागची चाके जितकी हलकी, तितकी ती लवकर घसरतात. एबीएस काही प्रमाणात सांभाळते. जुन्या, एबीएस नसलेल्या होंडा सिटी किंवा एस्टीमवर असे प्रयोग करणाऱ्यांना मागची बाजू फिरण्याचा धोका थेट पत्करावा लागतो.

सरळ रस्त्यावर वेग पकडण्यासाठी एकूण वजन कमी होणे फायद्याचे असते, यात वाद नाही. पण तो वेगळा हेतू. वळणासाठी मागचे वजन काढणे म्हणजे धुरजड गाडीतली मागची पोती उतरवणे.

आधी वजन कसे करायचे?

फैजपूरसारख्या गावाला इथे एक फायदा आहे. ऊस, केळी, धान्य, भंगार सगळेच तोलून जाते, त्यामुळे ट्रक तोलणारा वजनकाटा फार लांब शोधावा लागत नाही. कारसाठी तोच वापरता येतो.

आरसी बुक किंवा स्मार्ट कार्डवर रिकाम्या गाडीचे वजन छापलेले असते. तुलनेसाठी तो पहिला आकडा. मग गाडीतले सामान बाहेर काढायचे, टाकीत किती इंधन आहे ते लिहून ठेवायचे आणि काट्यावर जायचे. आधी फक्त पुढची चाके पाट्यावर घ्यायची आणि आकडा टिपायचा. मग पूर्ण गाडी. मग पुढे जाऊन फक्त मागची चाके. पुढचा आणि मागचा आकडा मिळवून पूर्ण गाडीच्या आकड्याशी जुळला पाहिजे. जुळत नसेल तर बहुधा काट्याचा पाटा आणि बाजूचा रस्ता एका पातळीत नसतो. तिन्ही वेळा चालक खाली उतरलेला असावा, गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक सोडलेला असावा. चाकांना दगड किंवा लाकडी ओट लावायला विसरू नये.

एक मर्यादा लक्षात ठेवावी लागते. ट्रक तोलणाऱ्या बऱ्याच काट्यांवर आकडा ५ किंवा १० किलोच्या टप्प्याने बदलतो. त्यामुळे हॉर्न बदलून वाचवलेला एक किलो तिथे दिसणार नाही. काढलेला प्रत्येक भाग वेगळा साध्या तराजूवर तोलून वहीत लिहावा आणि सगळे काम झाल्यावर गाडी पुन्हा काट्यावर न्यावी. इंधन दोन्ही वेळा सारखेच हवे. ४० लिटर पेट्रोल म्हणजे जवळपास ३० किलो आणि टाकी मागच्या सीटखाली असते. एका वेळी टाकी भरलेली आणि दुसऱ्या वेळी रिकामी असेल तर सगळा हिशेब वाया.

घरच्या घरी काय उतरवता येईल?

सुरुवात अशा वस्तूंपासून करायची ज्या कंपनीने दिलेल्याच नव्हत्या. समोरचा गार्ड हा त्यातला मोठा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच अशा क्रॅश गार्डवर कारवाई करण्यास राज्यांना सांगितले होते. वजनाचा मुद्दा बाजूला ठेवला तरी त्याने दोन नुकसान होतात. धडकेचा मार थेट चॅसिसकडे जातो आणि एअरबॅगच्या सेन्सरला मिळणारा संकेत बिघडू शकतो. पादचाऱ्याला लागणारा मार तर वेगळाच.

त्याच्या मागोमाग जास्तीचे फॉग लॅम्प, त्यांच्या लोखंडी पट्ट्या, दोन-तीन हॉर्न आणि कुठेच न जाणाऱ्या वायरी येतात. प्रत्येक वस्तू किलो-दीड किलोची, पण सगळ्या अगदी टोकाला बसवलेल्या.

इंजिनखालची लोखंडी प्लेट हा खानदेशात खरा पेच आहे. शेतरस्ते, गतिरोधक आणि पावसाळ्यानंतरचे खड्डे पाहता ती काढून टाका, असा सल्ला देणे शहाणपणाचे नाही. ऑइल चेंबर फुटले तर वाचवलेल्या किलोंची किंमत इंजिनाने मोजावी लागते. जाड लोखंडी प्लेटऐवजी ॲल्युमिनियमची बसवता येते. ॲल्युमिनियमचे वजन लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश असते, पण तेवढीच मजबुती हवी तर प्लेट जाड घ्यावी लागते. प्रत्यक्षात वजन निम्म्यावर आले तरी चांगलेच म्हणायचे.

मग बॅटरी. टर्बो पेट्रोल किंवा डिझेल गाडीतली शिशाची बॅटरी साधारण १३ ते १६ किलोची असते. ती दोन प्रकारे कमी करता येते. पहिला मार्ग हलकी लिथियम बॅटरी बसवण्याचा. ती चार-पाच किलोची असते, म्हणजे दहा-अकरा किलो वाचतात. पण किंमत कितीतरी पट. आणि जळगाव जिल्ह्याच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांकडे जात असताना बोनेटखालच्या उष्णतेत ती ठेवणे म्हणजे तिचे आयुष्य कमी करणे. शिवाय नव्या गाड्यांत चार्जिंगवर नजर ठेवणारा सेन्सर असतो, त्याच्याशी या बॅटरीचे जमतेच असे नाही.

दुसरा मार्ग बैलगाडीवानाचा, म्हणजे बॅटरी काढायची नाही, मागे न्यायची. वरच्याच उदाहरणात १५ किलोची बॅटरी पुढून उचलून डिकीत, तीन मीटर मागे नेली, तर पुढच्या चाकांवरचे १८ किलो कमी होतात आणि मागे तेवढेच वाढतात. एकूण वजन तेच, पण पुढचा वाटा ६२ वरून साधारण साडेसाठ टक्क्यांवर येतो. बीएमडब्ल्यूच्या अनेक गाड्यांत आणि माझदाच्या एमएक्स-फाइव्हच्या पहिल्या पिढीत बॅटरी कारखान्यातूनच डिकीत बसवलेली असे, त्यामागे हेच कारण.

मात्र हे काम दिसते तितके सोपे नाही. स्टार्टरला एका क्षणात शेकडो अँपिअर लागतात, त्यामुळे बारीक वायर चालत नाही. ३५ चौरस मिलिमीटरची पाच मीटर तांब्याची केबल घेतली तरी इन्सुलेशनसह ती दोनेक किलोची होते, म्हणजे वाचवलेल्यातले थोडे परत जाते. बॅटरीच्या अगदी जवळ योग्य क्षमतेचा फ्यूज हवाच. तो नसेल आणि केबल पत्र्याला घासून उघडी पडली, तर पाच मीटर लांब तापलेली तार गाडीच्या आतून, सीटखालून आणि पेट्रोलच्या टाकीजवळून जात असते. पत्र्यातून केबल जिथे जाते तिथे रबरी ग्रॉमेट लावावे लागते. बॅटरी सीलबंद एजीएम प्रकारची असावी किंवा तिचा वायू नळीने बाहेर सोडावा. आणि ती बोल्टने घट्ट कसलेली हवी. दोरीने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने बांधलेली १५ किलोची बॅटरी अपघातात मागून येणाऱ्या दगडासारखी असते. हे सगळे जमत नसेल तर हे काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडे द्यावे, त्यात कमीपणा नाही.

चाकांबद्दल एक गैरसमज दूर केलेला बरा. ‘अलॉय म्हणजे हलके’ हे नेहमी खरे नसते. मूळ १५ इंची चाक काढून बाजारातले स्वस्त १७ इंची अलॉय आणि रुंद टायर बसवले, तर चारही कोपऱ्यांवर वजन वाढण्याचीच शक्यता अधिक. हे वजन स्प्रिंगखालचे आणि फिरणारे असल्याने जास्त जाणवते. खरेदीआधी दोन्ही चाके टायरसकट तराजूवर ठेवून पाहावीत.

आता बोनेट. मित्सुबिशीने लान्सर इव्होल्यूशनला आणि निसानने आर-३२ स्कायलाइन जीटी-आरला ॲल्युमिनियमचे बोनेट दिले होते, म्हणजे कल्पना चांगलीच आहे. पण आपल्याकडे मिळते ते बहुधा हाताने थर चढवलेले फायबरचे. नीट न बनवलेले फायबर जाड होते आणि मूळ पत्र्यापेक्षा फार हलके राहत नाही. पातळ असेल तर वेगात थरथरते. मूळ कुलपावर भरवसा ठेवून असे बोनेट लावणे आणि ते वाऱ्याने उघडून काचेवर आदळणे यात फार अंतर नसते. धडकेत नेमक्या जागी दुमडेल असे मूळ बोनेट बनवलेले असते, तो गुण फायबरमध्ये नसतो. रोजच्या गाडीसाठी हा खर्च टाळावा.

एसी काढून बारा-पंधरा किलो कमी होतात, असे सांगणारेही भेटतात. त्यांनी मे महिन्यात दुपारी दोन वाजता फैजपूर ते भुसावळ काचा खाली करून एकदा जाऊन यावे.

कशाला हात लावायचा नाही?

बंपर उतरवला की मागे एक आडवी लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची तुळई दिसते. तिच्या पुढे कधी थर्माकोलसारखा फोम आणि दोन्ही टोकांना डबीसारखे दोन आधार. अंगणातल्या प्रयोगात ‘निरुपयोगी लोखंड’ म्हणून पहिली कुऱ्हाड पडते ती यांच्यावर. काही किलोंची ही तुळई टोकालाच असल्याने वजनाच्या हिशेबात ती मोहात पाडते. पण समोरून धडक बसली की पहिला मार हीच झेलते आणि तो दोन्ही बाजूंच्या चॅसिसच्या पट्ट्यांत वाटून देते. ती नसेल तर मार एकाच बाजूला, थेट रेडिएटर-इंजिनमार्गे आत येतो.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे एअरबॅग कधी उघडायची, हे गाडी किती वेगाने मंदावते आहे यावरून सेन्सर ठरवतात. तुळई, आधार आणि पट्ट्या ठरलेल्या पद्धतीने चेपल्या जातील, असे धरूनच ते गणित बसवलेले असते. भारतात चालकासाठी एअरबॅग नव्या गाड्यांना जुलै २०१९ पासून बंधनकारक झाली. तिचा उपयोग गाडीचा पुढचा भाग मूळ स्थितीत असला तरच. ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅप चाचणीतले तारेही मूळ गाडीला मिळालेले असतात, अंगणात बदललेल्या गाडीला नव्हेत.

तीच गोष्ट ब्रेकची चकती लहान करण्याची, अँटी-रोल बार काढण्याची आणि सस्पेन्शनच्या भागांना भोके पाडून ते ‘हलके’ करण्याची. बोनेटखालचे आवाज-उष्णता रोखणारे आवरण किलो-दीड किलोचे असते, पण खानदेशी उन्हात ते राहू द्यावे.

शर्यतवाले कसे करतात?

पोलोचेच उदाहरण घेता येईल. भारतात २०१० मध्ये पोलो कप ही एकाच बनावटीच्या गाड्यांची शर्यत मालिका सुरू झाली. त्या गाड्यांतून आतले सामान, सीटा, गालिचे सगळे काढलेले असायचे. पण त्याच्या जागी लोखंडी नळ्यांचा पिंजरा, शर्यतीची सीट आणि अनेक पट्ट्यांचा बेल्ट आला. म्हणजे सुरक्षेचे वजन आधी वाढवले गेले. घरगुती प्रयोगात लोक पहिला अर्धा भाग उचलतात आणि दुसरा विसरतात. नाशिकच्या रॅली ऑफ महाराष्ट्रसारख्या स्पर्धांतही गाडी आधी तपासणीतून जाते आणि कोणता भाग बदलता येईल हे नियमाने ठरलेले असते.

अभियांत्रिकीचे विद्यार्थी तर हा प्रश्न मुळातच टाळतात. मुंबईच्या के. जे. सोमय्या महाविद्यालयाचा ओरायन रेसिंग आणि आयआयटी मुंबईचा रेसिंग संघ परदेशातल्या फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धांत उतरले आहेत. सातपुड्याच्या पलीकडे, पीथमपूरच्या नॅट्रॅक्स चाचणी केंद्रावर बाहा एसएई इंडियाच्या स्पर्धा होत आल्या आहेत. या बाहा गाड्यांत इंजिन चालकाच्या मागे असते. नाक जड होऊ नये म्हणून नंतर धडपडण्यापेक्षा कागदावरच जागा बदलायची, हा त्यांचा मार्ग. फैजपूरच्या जे. टी. महाजन अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या ठिकाणी शिकणाऱ्या मुलांना हा धडा अंगणातल्या बंपरपेक्षा अशा स्पर्धेतून स्वस्तात मिळेल.

जगात याच्या नेमकी उलट अडचणही आली आहे. पोर्शे ९११ चे इंजिन मागच्या चाकांच्याही मागे. नाक इतके हलके की १९६०च्या दशकातल्या काही गाड्यांत कंपनीने पुढच्या बंपरच्या आत चक्क वजने बसवली, आपल्या ट्रॅक्टरसारखी! पुढे १९६९च्या मॉडेलमध्ये पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर ५७ मिलिमीटरने वाढवले आणि एका बॅटरीऐवजी दोन बॅटऱ्या पुढे नेऊन ठेवल्या. नामांकित अभियंत्यांनाही शेवटी बॅटरीच हलवावी लागली.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल, असा बदल गाडीत करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने के. जयचंद्र प्रकरणात हीच बाब ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

प्रमाणपत्रावर आसनसंख्या आणि रिकाम्या गाडीचे वजन दोन्ही असतात. म्हणून मागची सीट काढून पाच आसनी गाडी दोन आसनी करणे आणि नंतर बसवलेला गार्ड उतरवणे या एकाच तराजूत तोलायच्या गोष्टी नाहीत. दुसरी गोष्ट तर कायद्यालाच हवी आहे. बॅटरी हलवण्यासारखा बदल करायचा असेल तर आरटीओत आधी विचारावे आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी अडचणीचा ठरतो, विशेषतः वायरिंगमधून आग लागली असेल तर.

डिझेल गाडी हलकी होईल का?

खानदेशात मागच्या दशकात घेतलेल्या कितीतरी स्विफ्ट डिझेल आहेत. तिच्या पेट्रोल आणि डिझेल मॉडेलच्या वजनात सुमारे शंभर किलोचा फरक होता आणि त्यातला बहुतेक पुढच्या चाकांवर. एवढे वजन कोणत्याही रविवारी पान्याने उतरत नाही. ज्याला चपळ नाकाची गाडी हवी आहे, त्याचा निर्णय खरेदीच्या दिवशीच होतो.

सीएनजीवाल्यांची मात्र गंमत आहे. डिकीत साठेक किलोची टाकी बसते आणि टक्केवारीच्या हिशेबाने नाक आपोआप ‘हलके’ होते. पण पुढचे वजन जवळपास तेवढेच राहते आणि एकूण वाढते. त्यामुळे गाडी चपळ होत नाही, मागून फक्त बसते. काट्यावर नुसती टक्केवारी न पाहता पुढचा किलोंचा आकडाही पाहायचा तो यासाठी.

काम झाल्यावर काय तपासायचे?

बॅटरी काढताना ऋण टोक आधी सोडायचे आणि जोडताना शेवटी लावायचे. त्यानंतर एअरबॅगच्या वायरींजवळ काम असेल तर काही मिनिटे थांबायचे. बॅटरी परत जोडल्यावर डॅशबोर्डवर एअरबॅग किंवा एबीएसचा दिवा पेटून राहिला, तर गाडी रस्त्यावर काढायची नाही.

पुढचे वीस-पंचवीस किलो उतरले की स्प्रिंग काही मिलिमीटर वर येतात. त्याने चाकांचे कोन बदलतात, म्हणून अलाइनमेंट करून घ्यावे लागते. हेडलाइटचा झोतही वर जातो. रात्री बऱ्हाणपूर-अंकलेश्वर मार्गावर समोरून केळीचे ट्रक येत असतात, त्यांच्या चालकाच्या डोळ्यांत तो झोत जाता कामा नये. सपाट जागेवर भिंतीपासून ठरावीक अंतरावर गाडी उभी करून झोताची वरची रेघ काम सुरू करण्याआधीच खडूने आखून ठेवावी. काम झाल्यावर तेवढ्याच अंतरावरून हेडलाइटचा स्क्रू फिरवून झोत त्या रेघेवर आणला की झाले.